पहिल्या शब्दाचा मान

बाबाईच्या खड्ड्यात दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही, ही आबाटोआ बेटावरची जुनी रीत. खड्डा ज्याचा त्यानं सांभाळायचा. मुळाशी कुठला पाला कुजवायचा, काळी माती कुठल्या झाडाखालनं खरवडून आणायची, किती दिवसांनी घालायची, हे बापानं मुलाला सांगायचं, तेही कानात. बायकोला नाही आणि जावयाला तर मुळीच नाही. मग कधी कुणी पाहुणा आला, लग्न निघालं, की मांडीपेक्षा जाड कंद दोघांनी उचलून मानेआबात आणायचा, गावाच्या त्या भल्यामोठ्या छपराखाली सगळ्यांच्या पुढ्यात ठेवायचा, आणि आपण मात्र "छे छे, यंदा काही खास नाही" असं म्हणत भलतीकडे बघत बसायचं. तसं पाहिलं तर बाबाई म्हणजे अळूचंच भावंड, खालचं गोडं पाणी लागेपर्यंत खणलेल्या खड्ड्यात वाढणारं. पण आमच्याकडे माणसाची किंमत तिच्यावरनं होते, आणि म्हातारा बुरेंताऊ गेली तीस वर्षं या बाबतीत कुणाला हार गेला नव्हता.

आता खरं काय ते सांगतो. त्या बुरेंताऊच्या खड्ड्यात तीन वर्षांपासून खायला म्हणून एक कंद नव्हता.

तो रोज सकाळी पाल्याची टोपली घेऊन जायचा. झावळ्यांचं कुंपण त्यानं दरसाल वाढवत वाढवत डोक्याच्या वर नेलं होतं. आत उतरायचा, पिवळ्या पडलेल्या पानांकडे बघायचा, एखादा कंद हातानं चाचपायचा. तो बोटाखाली पिचायचा, कुजका वास यायचा. मग पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा आणि थुंकायचा. समुद्र किनारा ओलांडून आला असता तर चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. हा मेला खालून आला, जमिनीच्या पोटातनं, चोरासारखा. आमचं बेट रुंदीला एवढंसं, की एका समुद्रात पाय धुवावेत आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या समुद्रावर पोचावं. मधल्या वाळूत पावसाचं गोडं पाणी साठायचं, त्याच्यावरच आमचं सगळं चाललेलं. ते पाणी आता संपत आलं होतं. त्यात आठ महिने पाऊस नाही.

बुरेंताऊ हे कुणालाच बोलला नव्हता. घरात भात शिजायचा. सुनेला वाटायचं, म्हातारा बाबाई समारंभासाठी राखून ठेवतोय.

सून रेरेइती. मुलगा ताबेरा परदेशी मालवाहू जहाजावर, वर्षातले दहा महिने पाण्यावर. घरात म्हातारा, सून आणि दहा महिन्यांची नात. नातीचं नाव तेबोरा. बुरेंताऊच्या बायकोचं नाव ते. बायको वारली त्याच्या पुढच्या वर्षी ही झाली, तेव्हा म्हातारा इतका रडला होता, की सुईण म्हणाली, "अहो आजोबा, बाळानं रडायचं असतं, तुम्ही नाही!"

रेरेइतीचं दूध चौथ्या महिन्यातच आटलं. मग डब्यातली पावडर. पावडरीला पाणी लागतं, आणि अंगणातल्या विहिरीचं पाणी असं, की त्यात भात शिजवला तर मीठ घालायला नको. दवाखान्याच्या टाकीतनं नर्सबाई दर बाळामागे रोज एक बाटली पाणी द्यायच्या. टाकी तळाला गेली तशी बाटली अर्धी झाली, मग एक दिवसाआड झाली. विहिरीचं पाणी उकळून बघितलं, गाळून बघितलं. नर्सबाई वैतागून म्हणाल्या, "अगं, उकळून खार जात नाही, उलट वाढतो! एवढ्याशा जिवाच्या अंगात हे मीठ कुठं जाणार? शहाळी दे." पण नारळसुद्धा पावसावरच वाढतात ना! शहाळी सुपारीएवढी राहून गळत होती. तेबोरा पिवळी पडली. तिला सारखे जुलाब व्हायचे, आणि रडायची तेव्हा डोळ्यांतनं पाणी यायचं नाही.

अशात तारावाहून निरोप आला. राजधानीतनं सरकारचा माणूस येणार. खाऱ्या पाण्याचं गोडं करणारी तीन यंत्रं मिळाली आहेत आणि मागणारी बेटं सात. ज्यांच्याकडे खालचं पाणी अगदीच संपलं, त्यांना आधी. सरकार तसं आमच्या वाटेला फारसं जात नाही. ते तिकडे बसून परक्या बोटींना मासे धरायचे परवाने विकतं, आम्ही इकडे खोबरं वाळवून विकतो, वर्षातनं दोनदा सरकारी बोट येते, विमान मात्र आठवड्याला. एवढाच आमचा संबंध. म्हणून सरकार यंत्र घेऊन येतंय म्हटल्यावर रेरेइती त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसली.

"बाबा, मानेआबात तुम्हीच बोलणार ना पहिल्यांदा?"

"मग? पहिला शब्द आमच्या खांबाचा. माझ्या खापरपणज्यापासून."

"मग सांगाल ना त्यांना? सगळं सांगाल ना? विहिरीचं, तेबोराचं?"

"सांगेन की."

"असं नको. तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

"काय गं हे! सासऱ्याकडनं शपथा घेतेस?" असं म्हणाला खरा, पण हात ठेवला. पोरीची टाळू आत गेलेली हाताला लागली. "सांगेन," तो म्हणाला, आणि त्या क्षणी तो खरंच सांगणार होता. हे मी त्याची बाजू घेऊन म्हणत नाही. मी त्याला लहानपणापासून बघत आलोय, खोटं बोलताना त्याचा डावा डोळा मिचमिचतो. तेव्हा मिचमिचला नव्हता.

पण पाहुणा येणार म्हणजे पाहुणचार आला. पाहुणचार आला म्हणजे प्रत्येक घराची बाबाई आली. आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्यांनो, जो माणूस तुमचा दुष्काळ बघायला येतोय, त्याच्या पुढ्यात बाबाईचे ढीग रचायचे? पण रिकाम्या हातानं मानेआबात बसायचं कसं? ते आमच्या कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. बुरेंताऊच्या तर नाहीच नाही. त्याची बहीण शेजारच्या बेटावर दिली होती. तिकडचं पाणी अजून गोड होतं. त्यानं बोटवाल्याला गाठलं, सहा तासांची वाट, आणि बहिणीकडनं दोन कंद मागवले. बोटवाल्याला बजावलं, "कुणाला बोललास तर बघ."

"छे! मी कशाला बोलतोय?" बोटवाला म्हणाला आणि का कोण जाणे, खुदकन हसला.

सभेच्या दिवशी मानेआबा भरला. प्रत्येक घराची आपापल्या खांबाखालची जागा ठरलेली, तिथं म्हातारे पुढे, बाकीचे मागे, बायका त्याच्याही मागे, अगदी छपराच्या कडेला. मधे केवड्याच्या नव्या चटया. चटयांवर बाबाई. बारा घरांच्या बाबाई, उकडलेल्या, कुटून नीरेत नि नारळात मळलेल्या, पानात बांधलेल्या. मासे होते, एक डुक्करही होतं. पाहुण्याला प्यायला शहाळी कुठल्या कुठल्या झाडांवरनं उतरवली होती देव जाणे.

पाहुणा म्हणजे तिशीतला पोरगा होता. योतेबा नाव. आमच्यातलाच, दक्षिणेकडच्या एका बेटावरचा, फक्त चष्मा लावलेला. त्यानं गळ्यात फुलं घालून घेतली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, रीतीप्रमाणे पोटभर जेवला. मग वही काढली.

"आजोबा, काका मंडळी," तो म्हणाला, "मी तुमच्या नातवासारखा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमच्या नर्सबाईंचं पत्र आम्हाला मिळालं. सकाळी मी दोन विहिरींचं पाणी मोजलं, खारट आहे. पण विहिरी सगळ्याच बेटांवर खारट झाल्यात, भरतीला खारट, ओहोटीला बऱ्या. त्यावरनं ठरवता येत नाही. खड्डा खोटं बोलत नाही. खड्डा मेला म्हणजे खालचं पाणी गेलं. आता मी काही कुणाच्या खड्ड्यात उतरणार नाही, तेवढी रीत मला कळते. तुम्हीच सांगायचं. ज्या बेटाचे खड्डे मेले, त्या बेटाला यंत्र. तुमच्या म्हाताऱ्या मंडळींचा शब्द मी इथं लिहीन, तोच वर जाईल."

मग त्यानं समोरच्या ढिगाकडे बघितलं, जरा घुटमळला, आणि म्हणाला, "आणि हे जेवण बघून मी काही धरून चाललेलो नाही. माझ्या घरीही असंच करतात."

बघा! पोरानं दार उघडून दिलं होतं. नुसतं आत जायचं होतं.

सगळ्यांच्या माना बुरेंताऊच्या खांबाकडे वळल्या. तो खाकरला. मांडी बदलली. त्याच्या तोंडात शब्द आलेला होता, पहिलं अक्षर ओठावर होतं. तेवढ्यात समोरच्या खांबाखालनं नाकिबाए बोलला. बोलला म्हणजे आपल्या शेजाऱ्याच्या कानात, पण असा, की सगळ्या मानेआबाला ऐकू जावं.

"बुरेंताऊची बाबाई यंदा जरा बारीक आली नाही? का पाहुण्यांच्या दाताची काळजी घेतली म्हणायची?"

लोक हसले. नाकिबाए आणि बुरेंताऊ एका वयाचे, एका होडीत वाढलेले, आणि चाळीस वर्षं एकमेकांच्या बाबाईवर डोळा ठेवून असलेले. चेष्टा नेहमीचीच. एरवी बुरेंताऊनं एक सणसणीत परत दिली असती आणि विषय संपला असता. पण त्या दिवशी त्याचा चेहरा भाजल्यासारखा झाला. याला कळलं की काय? यानं कुंपणाच्या फटीतनं बघितलं की काय? आता मी उठून म्हणायचं, की माझा खड्डा मेला, आणि हा समोर मिटक्या मारत बसणार? बारा घरांत एकट्या माझाच?

"आमच्या खड्ड्याला काय धाड भरलीय!" बुरेंताऊ म्हणाला. आवाज खणखणीत लागला. "माझ्या बापाचा खड्डा तो. पाणी गोड आहे. पाऊस लांबला म्हणून पानं थोडी सुकलीत, एवढंच. दरसालचं आहे ते."

डावा डोळा मिचमिचत होता. कोण बघतंय?

पहिला शब्द पडला की तो पडला. त्याच्यावर उलट बोलणं म्हणजे त्या खांबाचा अपमान. मग दुसरा खांब म्हणाला, आमचंही ठीक आहे. तिसरा म्हणाला, देवाची कृपा आहे. नाकिबाएनं छाती पुढे काढून सांगितलं, "ठीक कसलं? माझ्याकडे तर यंदा ठेवायला जागा नाही." योतेबा लिहीत होता. प्रत्येक नावापुढे थोडं थांबायचा, त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघायचा आणि लिहायचा.

"बाबा," मागून आवाज आला. हळू. "बाबा, सांगा ना."

बुरेंताऊनं मान वळवली नाही.

"बाबा!" रेरेइती उठून उभी राहिली. मानेआबात बाई उभी राहून बोलत नाही, आणि म्हाताऱ्यांची पाळी चालू असताना तर त्यांची पोरंसुद्धा बोलत नाहीत. तिच्या खांद्यावर तेबोरा होती, मान टाकलेली. "खोटं आहे हे. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. हे बघा, हे बघा माझ्या पोरीकडे. खड्ड्याचं मला माहीत नाही, मला कुणी सांगत नाही, पण तीन वर्षांत आमच्या घरात बाबाई शिजलेली मी बघितली नाही!"

मग नाकिबाए म्हणाला, "सासऱ्याच्या जागेवरनं सुनेनं बोलायचं, हे नवीन निघालं वाटतं आता?" हसू फुटलं, पण ओढूनताणून, आणि लगेच विझलं.

योतेबानं चष्मा काढला. "आजोबा," तो बुरेंताऊला म्हणाला, अगदी आदरानं, "ताई म्हणतात ते खरं आहे का? असेल तर मी आधीचं सगळं खोडतो. कुणाला राग नाही, कुणाला बोल नाही."

दुसऱ्यांदा दार उघडलं होतं. अशी संधी माणसाला दोनदा कुठं मिळते! बुरेंताऊला ते कळत होतं. पाठीमागे नातीचा घशातल्या घशात येणारा आवाज त्याला ऐकू येत होता. पण पुढ्यात बारा खांब होते, आणि अकरा खांबांनी आताच सांगितलं होतं, की त्यांचं सगळं ठीक आहे. आता नाही म्हटलं तर तो नुसता नापीक खड्ड्याचा मालक नव्हता, भर सभेत खोटं बोललेला पहिला खांब होता.

"पोर आजारी आहे तिची," तो म्हणाला. "रात्ररात्र झोप नाही. डोकं ठिकाणावर नाही बिचारीचं. मनावर घेऊ नका."

योतेबानं चष्मा लावला आणि लिहिलं.

रेरेइती खाली बसली नाही. ती तशीच छपराबाहेर गेली. बायकांनी वाट करून दिली, एकीनंही तिच्याकडे बघितलं नाही. का बघितलं नाही ते मला नंतर कळलं. त्या प्रत्येकीच्या घरात भातच शिजत होता.

दुसऱ्या दिवशी विमान होतं. नर्सबाईंनी कागद लिहून दिला, की बाळाला तारावाच्या दवाखान्यात न्यायला हवं, आणि विमानात एक जागा मिळाली. बुरेंताऊ धावपट्टीवर गेला. त्यानं सकाळी स्वतः माडावर चढून, या वयात, दोन शहाळी उतरवली होती. रेरेइतीनं शहाळी घेतली. म्हाताऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

"बरी होऊन येईल," तो म्हणाला. "तिकडे पाणी चांगलं आहे. पंधरा दिवसांत घेऊन ये परत. ताबेराला मी कळवतो." नातीच्या पायाला हात लावायला तो वाकला, तेवढ्यात रेरेइती वळली नि शिडी चढली. विमान गेलं. बुरेंताऊ बराच वेळ तिथंच उभा राहिला, मग घरी येऊन पाल्याची टोपली भरायला लागला.

सहाव्या दिवशी दुपारी बेटाच्या कचेरीत फोन आला. तेबोरा पहाटे गेली. मूत्रपिंडं बंद पडली होती, डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणली असती तर. कारकून हे सांगायला धावत आला, तेव्हा बुरेंताऊ जाळं विणत होता. त्यानं सुई खाली ठेवली आणि विचारलं, "कोण तेबोरा?" कारकुनाला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. त्यानं परत सांगितलं. मग म्हाताऱ्यानं जो टाहो फोडला, तो ऐकून माडावर नीरा काढत असलेली माणसं खाली उतरली.

आमच्याकडे दुःखाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळं गाव आलं. पण आणलं काय? तांदळाची पोती. मांसाचे डबे. पिठाच्या पिशव्या. चटईवर ढीग वाढत गेला आणि त्या ढिगात बाबाईचं नख नव्हतं. पाहुण्यासाठी उसनं आणता येतं, चार दिवस आधी सांगून. मरण कुणाला सांगून येत नाही. बुरेंताऊ त्या ढिगाकडे बघत बसला होता. सगळ्यात शेवटी नाकिबाए आला, तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन, ते टाकलं आणि मटकन शेजारी बसला.

"माझ्याही खड्ड्यात काही नाही," तो म्हणाला. "चार वर्षं झाली."

बुरेंताऊनं त्याच्याकडे बघितलं.

"सभेला आणलेली बोटीतनं आली होती. खोबऱ्याच्या पोत्यात घालून आणली. तुझीही त्याच बोटीत होती म्हणे. तो हरामखोर बोटवाला आज सांगतोय."

"माझीही," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमची तिथलीच."

एकेक करून अकरा खांब बोलले. लाजत, खाली बघत, एखाद्यानं तर रडत. मी तिथं होतो. माझ्या बापाचा खांब सातवा. बाराही खड्डे मेलेले होते, बाराही कुंपणं डोक्याच्या वर गेलेली होती, आणि बारा म्हातारे रोज सकाळी पाल्याची टोपली घेऊन, एकमेकांना हाक मारत, मेलेल्या खड्ड्यांना खत घालायला जात होते. कुणी एकानं तोंड उघडलं असतं तर! पण ते एकानं म्हणजे पहिल्या खांबानं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून दुसरं कुणी बोललं नाही.

"तू तेव्हा का रे डिवचलंस मला?" बुरेंताऊनं विचारलं. भांडायचं म्हणून नव्हे. नुसतं विचारलं.

"मला वाटलं, तुझं तरी चांगलं असेल," नाकिबाए म्हणाला. "जळत होतो मी, दुसरं काय."

रात्र पडायच्या आत सगळे कचेरीत गेले आणि योतेबाला फोन लावला. बुरेंताऊनंच सांगितलं, सगळं, एका दमात.

"आजोबा," योतेबा म्हणाला, "यंत्रं परवाच बोटीत चढली. तीन बेटांना. मी तुमचं नाव पुढच्या यादीत घालतो."

"पुढची यादी कधी?"

"पैसे आले की. दोन वर्षं, तीन वर्षं. मला माफ करा, आजोबा. मला त्या दिवशी शंका आली होती. पण मी तुमचाच शब्द लिहायचा असतो."

"तू कशाला माफी मागतोस, बाळा," बुरेंताऊ म्हणाला.

माणूस मेला की घराच्या अंगणातच पुरायचा, हे आमच्यात सांगायलाही लागत नाही. आपलं माणूस दारात असावं. दुसऱ्या दिवशी बुरेंताऊ आणि नाकिबाए कुदळी घेऊन बायकोच्या थडग्याशेजारी खणायला लागले. तिच्याच नावाची पोर तिच्याच कुशीला. तीन दिवसांनी तारावाहून बोट निघणार होती, तिच्यावर तेबोराला आणायचं. ताबेराशी बोलणं झालं होतं. तो कुठल्याशा बंदरावरनं रडत रडत म्हणाला, रेरेइती म्हणेल तसं. दोघा म्हाताऱ्यांनी कंबरेइतकं खणलं, बाजूंनी प्रवाळाचे सपाट दगड लावले, तळाला नवी चटई अंथरली. तासाभरानं बघितलं तर चटई तरंगत होती. नाकिबाएनं करवंटीनं पाणी उपसलं. ते परत भरलं.

दुपारी रेरेइतीचा फोन आला. बुरेंताऊ कचेरीत गेला, तो हातापायांना तशीच ओली वाळू घेऊन. कारकुनानं फोन त्याच्या कानाला लावून दिला.

"पोरी," तो म्हणाला, आणि फोन दोन्ही हातांनी धरला. नंतर म्हणाला, "जागा करून ठेवलीय. आजीच्या शेजारी. तू बोटीवर चढ, मी न्यायला येतो."

"खणलंत?"

"हो."

"पाणी लागलं का?"

तो हाताची वाळू झटकायला लागला.

"बाबा, मी विचारतेय. पाणी लागलं का?"

"लागलं."

"कसं आहे? गोड आहे का?"

कचेरीत पंखा फिरत होता. नाकिबाए दारात उभा होता, कारकून कागद चाळल्यासारखं करत होता. बुरेंताऊनं डोळे मिटले.

"खारं आहे गं," तो म्हणाला. "खारं आहे. तीन वर्षांपासून खारं आहे."

पलीकडे ती रडत होती की नाही ते कळलं नाही, फोनमधे नुसती खरखर येत होती. मग ती म्हणाली, "मग इथंच ठेवते तिला. मीही इथंच राहीन."

फोन बंद झाला. कारकुनानं विचारलं, परत लावू का. बुरेंताऊ नको म्हणाला. मग तो घरी गेला आणि नाकिबाएबरोबर तो खड्डा बुजवायला लागला.